बँकॉक, पहिल्यांदाच, मैत्रिणींबरोबर: सगळा मुक्काम एकाच शहरात ठेवावा का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी.

सांगलीतल्या एका शाळेत दहावीपर्यंत एकत्र असलेल्या आम्ही पाच जणी. या वर्षी पाचही जणींची पन्नाशी पूर्ण होतेय आणि ती साजरी करायला नोव्हेंबरात बँकॉकला जायचं नक्की केलंय. नवरा, मुलं, सासूबाई, कुणीही बरोबर नाही. थायलंड सगळ्यांनाच नवीन. दोघींचा तर पासपोर्टच या निमित्ताने निघाला.

आता अडचण. ज्या ज्या एजंटाकडे गेलो त्याने बँकॉकला जेमतेम दोन रात्री आणि उरलेलं पटाया-फुकेत असा कागद पुढे सरकवला. "बँकॉकमध्ये काय आहे? मॉल आणि ट्रॅफिक!" हे प्रत्येकाकडून ऐकलं. मला मात्र मनापासून वाटतं की एका ठिकाणी बॅगा उघडाव्यात आणि एक मोठं शहर सावकाश बघावं. नदी, देवळं, बाजार, रस्त्यावरचं खाणं, कामावर निघालेली माणसं. समुद्र आपल्याकडे आहे, कोकणात जाणं होतंच.

आमच्यातली एक जैन आहे, कांदा-लसूण वर्ज्य. एकीचे गुडघे दुखतात. एकीला खरेदीशिवाय काही सुचत नाही. एकीची सकाळ दहाला उजाडते. आणि मला देवळांसमोर निवांत बसायचं असतं.

सगळा मुक्काम बँकॉकमध्येच ठेवावा का? राहायचं कुठे? पाच तऱ्हांच्या पाच जणींचं तिथे जमेल का? स्पष्ट मतं द्या.

शेवटची लोकल
बँकॉक आणि घरच्यांशिवाय? आमच्या ऑफिसातली मंडळी घरी "सिंगापूर" सांगून जातात. हाहा.

घाटवाट
सगळा मुक्काम बँकॉकलाच ठेवा, बिनधास्त. तिथे दोन रात्री राहून आलेले लोकच "मॉल आणि ट्रॅफिक" म्हणतात, कारण त्यांनी शहर फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. बँकॉक रस्त्याने बघायचं शहरच नाही. ते पाण्याने आणि रुळांनी बघायचं. चाओ फ्राया नदीवर रोजच्या प्रवाशांची बोट धावते. नारिंगी झेंड्याची बोट पकडायची, तिकीट १६ बाट, म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस रुपये. राजवाडा, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे बौद्ध देऊळ), चायनाटाउन, फुलबाजार, सगळं या एका बोटीच्या धक्क्यांवर किंवा धक्क्यापासून चालत जाण्यासारखं. आणि जिथे नदी नाही तिथे डोक्यावरून स्कायट्रेन, १९९९ पासून.

म्हणून राहायला सफान ताक्सिन स्थानकाचा परिसर घ्या. स्कायट्रेनचं स्थानक आणि बोटीचा मुख्य धक्का एकमेकांना चिकटून आहेत. रस्त्यावरच्या कोंडीशी तुमचा संबंधच येणार नाही.

पारंबी
@शेवटची लोकल, तुम्ही सहज लिहिलंत हे कळतंय, तरी बोलते. आम्ही मैत्रिणी जाऊन आलो तेव्हा सोसायटीत, नातेवाइकांत, अगदी बँकेत परकीय चलन घेतानासुद्धा हेच हसू बघितलं. ज्या शहरात लाखो लोक सकाळी उठून कामाला जातात, देवळात फुलं वाहतात, मुलांना शाळेत सोडतात, त्याची आपल्याकडे एवढीच ओळख राहावी याचं मला वाईट वाटतं. त्या ओळखीमागे कुणाची तरी गरिबी आहे, गावाकडून पैशासाठी आलेल्या मुली आहेत. त्यावर हसण्यासारखं काही नाही. आणि बायकांनी एकट्याने फिरायला आशियातलं इतकं सोपं शहर मी दुसरं पाहिलं नाही. रात्री साडेदहाला आम्ही स्थानकातून हॉटेलवर चालत यायचो. रस्त्यावर गाड्या लावून बसलेल्या बायकाच जास्त. कुणी मान वळवून बघितलं नाही.

कृष्णाकाठ, नक्की जा.

शेवटची लोकल
पटलं, पारंबीताई. बायकोला हा धागा दाखवला, ती म्हणाली आता आम्ही दोघं जाऊ, आणि घरी "बँकॉक" असंच सांगू.

कोरा चहा
मी थोडं वेगळं मत मांडतो. दोघींचा पहिलाच परदेश प्रवास, एकीचे गुडघे, एकीचं जैन जेवण. आपल्या मराठी सहल कंपन्या स्वयंपाकी बरोबर नेतात, सकाळी पोहे-उपमा, रात्री वरण-भात. बस हॉटेलच्या दारात. मी आणि सौ. तसेच गेलो होतो, कशाचीही चिंता करावी लागली नाही. हौस म्हणून सगळं स्वतः करायचं आणि तिथे जैन बाईंनी केळी खाऊन दिवस काढायचे, यात कसली मजा? आणि राहायचंच असेल तर प्रतुनाम भागात राहा. भारतीय हॉटेलं तिथेच आहेत, कपड्यांचा घाऊक बाजारही तिथेच.

खमंग
काका, जेवणाच्या बाबतीत तुमची काळजी रास्त आहे, पण केळ्यांवर दिवस काढायची वेळ येणार नाही.

थायलंडमध्ये "जे" नावाचा आहार आहे. चिनी वंशाच्या थाई लोकांची ही बौद्ध परंपरा. मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, आणि त्याशिवाय कांदा, लसूण, पातीचा कांदा असल्या उग्र वासाच्या भाज्याही नाहीत! आपल्या कांदा-लसूण न खाणाऱ्या लोकांसाठी याहून सोयीचं काय असणार? पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरं असतात, आपल्या डोळ्यांना इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसतात. ती दिसली की आत शिरायचं. चायनाटाउनमध्ये अशी दुकानं बरीच. फक्त दोन गोष्टी मैत्रिणीला आधी सांगा. एक, बटाटा-मुळा-गाजर यात चालतात, तेव्हा कंदमुळं वर्ज्य असतील तर विचारावं लागेल. दुसरं, सोयाचे गोळे पुष्कळदा मांसासारखे दिसतील असे बनवतात. आमच्याबरोबरच्या एका काकूंना ते बघूनच जेवण जाईना.

इतर ठिकाणी नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. भाजीत मासा नसला तरी नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, पडतोच. किंवा शिंपल्यांचा सॉस. कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकट कुटलेली असते. पाद थाई नूडल्समध्येही सुकट आणि नाम प्ला. म्हणून "गिन जे" ("जे" खाते) हे दोन शब्द पाठ करा आणि शिवाय थाई लिपीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा.

मँगो स्टिकी राइस मात्र निर्धास्त खा. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर, वर पिकलेला आंबा. आंब्याचा खरा मोसम उन्हाळ्यात, पण शहरात वर्षभर मिळतो. हापूसशी तुलना करू नका, तो आंबा वेगळा आणि आपल्या जागी उत्तम. रस्त्यावर कैरीच्या आणि पेरूच्या फोडी मीठ-साखर-मिरची लावून देतात. ते पाचही जणींना आवडेल.

आठवा मजला
इथेच, बँकॉकमध्ये राहतो, म्हणून लिहितो.

प्रतुनामबद्दल: खरेदी आणि भारतीय जेवण यासाठी ठीक, पण स्कायट्रेनचं स्थानक दारात नाही. चित लोम किंवा रात्चथेवीपर्यंत चालावं लागतं, फुटपाथ गजबजलेले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज ते जड जाईल. टुकटुक, म्हणजे इथली रिक्षा, घेतली तर कोंडीत अडकाल.

जैन जेवणासाठी प्रतुनाममध्येच राहायची गरज नाही. सिलोम-सुरवोंग भागात रत्नांच्या व्यापारातली गुजराती-मारवाडी जैन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे तिथे जैन थाळी मिळते. आणि सिलोमपासून सफान ताक्सिन अगदी जवळ. म्हणजे घाटवाट यांनी सुचवलेली जागाच सगळ्यांना सोयीची.

पाहुरात म्हणजे जुना भारतीय बाजार. तिथला गुरुद्वारा मोठा आहे, कापडाची दुकानं, मिठाई, समोसे. मेट्रोच्या साम योत स्थानकावरून चालत. चहाची तलफ आली की तिथे जा. इथला दुधाचा नारिंगी चहा आपल्या लोकांना चहा वाटतच नाही.

घाटवाट
@आठवा मजला, स्कायट्रेनच्या सगळ्या स्थानकांना लिफ्ट आहेत का? ताईंच्या मैत्रिणीसाठी विचारतोय.

आठवा मजला
आता बऱ्याच ठिकाणी आहेत, पण प्रत्येक दाराशी नाहीत. लिफ्ट रस्त्याच्या एकाच बाजूला असते असंही होतं. सरकते जिने वर जायला सापडतात, उतरायला कधीकधी नाहीत, आणि गुडघ्यांना उतरणंच जास्त त्रासाचं. निघताना नकाशात लिफ्टचं दार कोणतं ते बघून ठेवा. मेट्रो, म्हणजे जमिनीखालची गाडी, या बाबतीत बरी. २०१९ मध्ये तिचा मार्ग वाढला आणि सनाम चाय स्थानक झालं. तिथून वाट फो अगदी जवळ, राजवाडाही चालत गाठता येतो.

वाट अरुणच्या मनोऱ्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघेवाल्या ताईंनी चढू नये. खालूनही चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवलेली फुलं नीट दिसतात, आणि ती जवळून बघण्यासारखीच आहेत.

मोगरावेल
पाच जणींचं जमेल का, हा खरा प्रश्न आहे. बाकी जेवण-हॉटेल सापडतंच. आम्ही मैत्रिणी एकदा सहलीला गेलो आणि "सगळं सगळ्यांनी मिळून" या हट्टापायी चांगल्या मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या. कुणी काय केलं तर?

पारंबी
आमचा नियम होता: सकाळ ज्याची त्याची, संध्याकाळ सगळ्यांची. जिला देऊळ बघायचंय तिने सकाळी लवकर निघावं, जिला झोपायचंय तिने झोपावं. संध्याकाळी पाचला ठरलेल्या धक्क्यावर सगळ्या हजर. तिथून पुढे एकत्र बोट, एकत्र जेवण, आणि दिवसभराच्या गोष्टी. दिवसभर वेगळं फिरल्यामुळे सांगायला भरपूर असायचं, आणि जिने जे पाहिलं नाही तिला ते ऐकून दुसऱ्या दिवशी जावंसं वाटायचं.

पैशाचंही आधीच ठरवा. आम्ही समाईक पाकीट केलं होतं. बोट, टॅक्सी, एकत्र जेवण त्यातून. मसाज, खरेदी, कॉफी ज्याची त्याची. पाकीट संपलं की सगळ्यांनी सारखी भर घालायची. वीस-वीस बाटांचे हिशोब ठेवायला लागलात की मैत्रीत मिठाचा खडा पडतो.

कोरा चहा
परदेशात पाच बायकांनी पाच दिशांना जायचं, हे मला पटत नाही. भाषा येत नाही, कुणाची तब्येत बिघडली तर? किमान दोघी-दोघी बरोबर असाव्यात.

पारंबी
काका, दोघी-दोघी हे मान्य. दोघींचा पहिलाच परदेश प्रवास आहे म्हटल्यावर सुरुवातीला तरी तसंच करा. आणि प्रत्येकीकडे स्वतःचं सिमकार्ड हवं. एकीच्या हॉटस्पॉटवर चौघी, असं करू नका.

दशमी
कृष्णाकाठ, देवळांसमोर बसायचं म्हणालात म्हणून हे खास तुमच्यासाठी.

राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केव आहे, पाचूच्या रंगाच्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती हिरव्या जेडची, उंचीला साधारण ६६ सेंटिमीटर, आणि तिची वस्त्रं वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे बदलतात. पारंपरिक मान राजाचा. ती बघाच, पण गर्दी तिथेच थांबते आणि निघून जाते. तुम्ही आवाराच्या कडेने जाणाऱ्या ओवरीत जा. तिथे भिंतीवर १७८ चित्रांमध्ये अख्खं रामायण रंगवलंय. थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालत जायचं, कथा पुढे सरकत जाते.

अयुथया ही जुनी राजधानी १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. मग १७८२ मध्ये राम पहिला या थाई राजाने नदीच्या या काठावर नवी राजधानी वसवली, आणि विस्कटलेली रामकथा पुन्हा लिहवून घेतली. राज्य नव्याने उभं करताना त्यांना रामकथा हाताशी लागली, हे त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर नीट समजतं. रावण इथे हिरव्या तोंडाचा, नाव थोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ. वाट अरुणच्या दारात रक्षक म्हणून उभा आहे, शेजारी सहस्सदेचा नावाचा पांढरा राक्षस. रावणाला देवळाच्या दारावर मानाने उभं केलेलं बघून मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

शेवटची लोकल
रामाकियनमधला हनुमान म्हणे प्रेमात पडतो?

दशमी
हो, एकदा नाही, अनेकदा! सेतू बांधताना दगड पळवणारी सुवन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या, ही रावणाची मुलगी. हनुमान तिला अडवायला पाण्यात उतरतो आणि दोघांचं जमतं. मुलगा मच्छनु. आपल्याकडे मारुती ब्रह्मचारी, म्हणून मकरध्वज घामाच्या थेंबातून जन्मतो. तिथे तसा आडपडदा नाही. बाजारात सुवन्नमच्छेची चित्रं टांगलेली दिसतील, दुकानात भरभराट यावी म्हणून. गावोगावच्या मारुतीला तेल वाहणाऱ्या आपल्या लोकांना आधी धक्का बसतो, पण मला ती कथा फार गोड वाटते.

मोगरावेल
अवांतर: गणपतीही आहे का तिथे?

आठवा मजला
जागोजागी. फ्रा फिकानेत म्हणतात. इथल्या सरकारच्या ललित कला विभागाचं बोधचिन्हच गणपती आहे, त्यामुळे कलाकार, नर्तक, चित्रकार त्याला फार मानतात. हुआय ख्वांग चौकातल्या देवळात रात्रीसुद्धा तरुण मुलं-मुली फुलं घेऊन उभी असतात. ब्रह्मदेवाची पूजा आपल्याकडे विरळ, पण इथे रात्चप्रसोंग चौकातलं एरावान देऊळ १९५६ पासून कायम गजबजलेलं. नवस फेडायला लोक पारंपरिक नृत्य करवतात, पैसे भरले की कलावंत लगेच नाचायला उभ्या राहतात. दोन्ही बाजूंना मॉल आणि डोक्यावरून गाडी, मध्ये हे सगळं चाललेलं.

आणि सिलोमवरचं मारिअम्मन देऊळ. तमिळ लोकांनी बांधलं, आता दर्शनाला थाई भक्तच जास्त. नवरात्रात तिथून मोठी मिरवणूक निघते. खमंग यांनी सांगितलेल्या "जे" आहाराचा सणही नऊ दिवसांचा, बहुतेक वर्षी नवरात्राच्या सुमारासच येतो. चिनी पंचांगात अधिक महिना आला की पुढे जातो. तेव्हा चायनाटाउन पिवळ्या झेंड्यांनी भरतं.

पण तुम्ही नोव्हेंबरात येताय, तर तारखा त्रिपुरी पौर्णिमेला जुळवा. त्याच पौर्णिमेला इथे लोय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं-फुलं, मेणबत्ती, उदबत्ती लावून नदीत सोडतात.

कृष्णाकाठ
त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही लहानपणी कृष्णेत द्रोणातले दिवे सोडायचो! तारखा तशाच घेतेय. धन्यवाद, आठवा मजला.

व्हिसा, पैसे, विमानतळ याबद्दलही सांगाल का? आणि फसवणुकीबद्दल ऐकलंय ते.

आठवा मजला
जुलै २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येता येऊ लागलं, पण हे नियम बदलत असतात. तिकिटं काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्रक भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर रेल्वेने फाया थायपर्यंत या, जास्तीत जास्त ४५ बाट. पण पाच जणी आणि मोठ्या बॅगा असतील तर मोठी गाडी ॲपवरून बोलवा, भाडं आधीच कळतं. रस्त्यावरच्या टॅक्सीचं मीटर ३५ बाटांपासून सुरू होतं. मीटर टाकायला नाही म्हणाला तर उतरा, मागून दुसरी येतेच. चलन विमानतळाच्या तळघरात, रेल्वेजवळच्या खिडक्यांवर बदला, वरच्या मजल्यांपेक्षा दर बराच चांगला मिळतो. एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क कापतात, तेव्हा थोडे-थोडे पैसे काढू नका.

परतताना विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. वेळ हाताशी ठेवा.

घाटवाट
फसवणुकीचा ठरलेला प्रकार राजवाड्याच्या बाहेर. नीटनेटक्या कपड्यातला माणूस अदबीने सांगतो, "आज राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, धार्मिक दिवस आहे. तोवर टुकटुकने दुसरी देवळं बघा, फक्त २० बाट." टुकटुक एखाद्या देवळात नेते आणि मग रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात. तिथे "आजच सूट" म्हणून खडे गळ्यात मारतात. राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट साडेतीनपर्यंत. बंद आहे की नाही ते दारावर जाऊनच बघायचं. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपला पंजाबी ड्रेस किंवा साडी उत्तम.

खमंग
आणखी थोडं. देवळात बसताना पाय बुद्धाकडे करू नका. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकांवर राष्ट्रगीत लागतं, लोक जागच्या जागी उभे राहतात, आपणही थांबायचं. राजघराण्याबद्दल थट्टेनेसुद्धा काही बोलू नये, कायदा फार कडक आहे. ई-सिगारेटला बंदी आहे, कुणाच्या बॅगेत नको.

खरेदीवाल्या मैत्रिणीसाठी: प्रतुनामच्या घाऊक मॉलमध्ये तीन नग घेतले की दर उतरतो. तुम्ही पाच जणी आहात, एकत्र घ्या! चतुचक बाजार शनिवार-रविवार, हजारो गाळे, सकाळी ऊन चढण्याआधी जा.

मोगरावेल
गुडघ्यांसाठी थाई मसाज चालेल का? त्यासाठीच मलाही जायचंय.

पारंबी
मोगरावेल, पारंपरिक थाई मसाज ताणण्या-दाबण्याचा असतो, हाडांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तिथे गुडघ्याकडे बोट दाखवून "बाव बाव" म्हणा, म्हणजे हलक्या हाताने. पायांचा मसाज सगळ्यात सुरक्षित. वाट फोच्या आवारातच जुनी मसाजशाळा आहे. नुआद थाई, म्हणजे ही विद्या, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथेच ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. त्याच्या पाठीमागे ओळीने १०८ पात्रं मांडलेली असतात, एकेकात नाणं टाकत पुढे जायचं. तो आवाज मला फार आवडला.

कोरा चहा
एवढं वाचून माझं मत थोडं बदललंय, हे कबूल करतो. तरी अयुथयाला एक दिवस जाऊन या, एवढं माझं ऐका. रेल्वेने साधारण ७० किलोमीटर. वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक मी पाहिलंय. मोडलेल्या राजधानीत उभं राहिल्यावर दशमी यांनी सांगितलेला इतिहास समजतो.

दशमी
काकांना अनुमोदन. आधी अयुथया बघा, मग राजवाडा.

कृष्णाकाठ
आम्ही जाऊन आलो. उशिरा लिहितेय, पण नीट लिहायचं होतं.

सगळा मुक्काम सफान ताक्सिनजवळच ठेवला आणि तो निर्णय अगदी बरोबर ठरला. पटायाची कुणालाही आठवण झाली नाही. काकांच्या सांगण्यावरून अयुथयाला गेलो, त्यानंतर राजवाड्याच्या ओवरीत मी आणि आमची जैन मैत्रीण पूर्ण सकाळ चित्रं बघत चाललो. तिने सिलोमला पोटभर जेवून घेतलं, चायनाटाउनमध्ये "जे"च्या दुकानात नूडल्सही खाल्ल्या. मुळा नको हे मालकीणबाईंना खुणेने सांगितलं, त्यांनी तिच्यासमोर भांडं धुऊन वेगळं करून दिलं. त्या बाईंचा चेहरा आम्ही विसरणार नाही.

पारंबी, तुमचा नियम तसाच्या तसा पाळला. दहाला उठणारीने सगळ्यांना चकित केलं. उन्हं कलल्यावर ती एकटी लुंफिनी बागेत जायची आणि तळ्याकाठी फिरणाऱ्या घोरपडी बघत बसायची. चांगल्या माणसाएवढ्या लांबीच्या! शेवटी आम्ही सगळ्या तिच्याबरोबर गेलो. लोक शेजारून पळतायत, घोरपड आपल्या वाटेने चाललीये, कुणाचं कुणाला काही नाही.

सेन सेप कालव्याच्या बोटीतही बसलो. पाणी काळं आहे, वास येतो, हे सांगायला हवं. बोट वेगाने जाते आणि समोरून दुसरी आली की प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात. आमच्या शेजारच्या शाळकरी मुलीने ते काम आमच्या वतीने केलं. गुडघेवालीला मात्र त्या बोटीत नेलं नाही, धक्क्याला बोट जेमतेम थांबते आणि उडी घेऊनच चढावं लागतं.

लोय क्राथोंगच्या रात्री नदीकाठी तुफान गर्दी होती. आम्ही लहान धक्क्यावर गेलो, केळीच्या खोडाचे क्राथोंग घेतले, पावाचे मिळत होते ते घेतले नाहीत. पाच जणींनी पाच सोडले. शाळेतल्या आमच्या सहाव्या मैत्रिणीसाठी, जी आता नाही, आणखी एक सोडला.

सगळ्यांचे मनापासून आभार.

पारंबी
वाचताना डोळे भरून आले. सहावा सोडलात, फार छान केलंत.

शेवटची लोकल
आम्ही जानेवारीत चाललोय. घरी खरंच "बँकॉक" सांगितलंय. ताई, फुलबाजाराबद्दल लिहिलं नाहीत. बायकोला तोच बघायचाय. कधी जावं?

कृष्णाकाठ
पाक ख्लोंग तलात म्हणतात त्याला. चोवीस तास सुरू असतो, पण माल रात्री उतरतो, म्हणून दहा-साडेदहानंतर जा. झेंडूची पोती, मोगऱ्याच्या कळ्या, कमळं, आणि माळा ओवत बसलेल्या बायका. सनाम चाय स्थानकावरून चालत जाता येतं. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यामुळे परतीला ॲपवरून गाडी बोलवावी लागेल. पायात पट्ट्याच्या चपला घाला, सगळीकडे पाणी असतं. आणि हमालांच्या ढकलगाड्या वेगाने येतात, तेव्हा फोटो काढायला गल्लीच्या मध्ये थांबू नका.